काळा रंग वर की खाली

रविवार, डिसेंबर १९७१. संध्याकाळ

कंदिलाला कागद गुंडाळून लिहून राहिले आहे. 

आमच्या जुन्या फटफटीच्या हेडलाइटची काच काल फुटली. ह्यांनी आज बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून नवीन आणली आणि तिचा वरचा अर्धा भाग मी काळा रंगवला. ब्लॅकआउटचा नियमच आहे, वरून विमानाला उजेड दिसायला नको. रंग वाळेपर्यंत अंधार पडला. ह्यांची दारूगोळ्याच्या फॅक्टरीत रात्रपाळी. अंगणात कंदील नेता येईना, म्हणून ह्यांनी चाचपडतच काच बसवली. मी हातात दिली तेव्हा रंगाची बाजू वर होती ना? होतीच. नक्की?

"अहो, एकदा लावून तर बघा."

"इथं लाइट? काहून, पकडवून देतेस का मला? सडकेवर लावीन," म्हणाले आणि निघाले.

वळणावर लाइट लागला आणि कडुलिंबाचा शेंडा उजळला. खाली सडक काळीच. काच उलटी बसली होती!

मी धावले, ओरडले. फटफटीच्या आवाजात काय ऐकू जाणार! पुढच्या गल्लीतून लोक ओरडले, "अरे भैया, लाइट बंद करो!" मग त्याच्याही पुढून तेच. त्या ओरडण्यावरूनच कळत होतं, हे कुठवर पोचले ते.

मग हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. तो उजळलेला शेंडा डोळ्यांपुढून हलत नाही. फॅक्टरीकडेच चाललेत, आणि उजेड सरळ आभाळात.

मघापासून कोणी ओरडतही नाहीये.