बिभीषणच्या वावरात नांगर

३ मार्च
पुन्हा डोकं आपटलं. त्याच जागी. सात महिने झाले या बोटीवर राहून, तरी केबिनमधून बाहेर येताना वाकायचं लक्षात राहत नाही. सुनंदा म्हणाली, "वाकायला शिका की आता." एकसष्टाव्या वर्षी! चौतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होतो, मालकासमोर वाकलो नाही. आता बायकोच्या बोटीसमोर दिवसातून वीस वेळा वाकतोय.
जेवण: कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पंखा बंद, बॅटरी उतरली. सु. म्हणते वारा आहे की. वारा नव्हता.

७ मार्च
श्रीनिवासचा फोन. आमचा जुळे सोलापूरचा फ्लॅट त्याला भाड्यानं दिलाय. पोरगा सरळ आहे. "अंकल, मुलीची शाळा बघायची आहे. पुढं पण राहायचं की मे एण्डला खाली करायचं, एवढं सांगा." सांगतो म्हटलं.
काय सांगतो, कपाळ. सु.चं गणित पक्कं. एक वर्ष उजनीच्या पाण्यावर सराव करायचा, मग बोट गाडीवर घालून कोकणात न्यायची आणि खाडीखाडीनं राहायचं. तिथून पुढं कायमचं. म्हणजे श्रीनिवासला "राहा" म्हटलं की आपल्याला परत यायला घर नाही. मला घर पाहिजे. सरळ भिंतीचं, ज्यात चहाचा कप ठेवला तर ठेवल्या जागी राहतो असं.
तिला सांगितलं का? नाही. तिनं विचारलं का? तेही नाही.

११ मार्च
सोलापुरात जन्म काढला. नळाला पाणी येणार म्हटलं की आख्खी गल्ली जागी. आता चारी बाजूला पाणीच पाणी, आणि प्यायला वीस लिटरचे जार गावातून वल्हवत आणायचे. आज दोन आणले. कंबर गेली. सु.नं जार घेतला आणि म्हणाली, "दोरी नीट बांधली नाही होडीची."
कॉलेजात असताना ही एन.सी.सी.च्या नौदल कॅम्पला आठ दिवस गेली होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्या आठ दिवसांचं ऐकतोय. शाळेत पी.टी. शिकवत असतानासुद्धा मुलींना दोरीच्या गाठी शिकवायची. रिटायर झाली, आणि पुण्याच्या कुठल्याशा क्लबनं काढून टाकलेली ही बावीस फुटी बोट घेऊन आली. मला वाटलं, हौस आहे, महिनाभरात फिटेल.

१९ मार्च
शीड उभं केलं. भांडण झालं. या दोन गोष्टी एकत्रच होतात. बोटीवर दोरीला दोरी म्हणायचं नाही, प्रत्येकीला वेगळं नाव. "ती सोडा" म्हणाली, मी सोडली, ती ती नव्हती. शिडाचा आडवा दांडा डोक्यावरून गेला. वाकलो म्हणून वाचलो, हे तिनं चारदा सांगितलं.
रोहित पक्षी बघायला आलेल्या पुण्याच्या मंडळींनी होडी जवळ आणली. फोटो काढले, पक्ष्यांचे नाही, आमचे. एकानं विचारलं, "तासाचं काय घेता?" मी म्हटलं, मला घेऊन जा, फुकट.
सु. हसली. सुकाणू धरून उभी होती, केस पांढरे, तोंड उन्हानं काळं झालेलं. शाळेत तीस वर्षं कधी अशी दिसली नाही. हेही लिहून ठेवतो, नाहीतर नुसत्या तक्रारीच होतील.

२ एप्रिल
काठावरचा बिभीषण आज बोटीवर चहाला आला. याच्याच शेडमध्ये आमचा ट्रेलर ठेवलेला आहे, बोट ज्याच्यावरून आली तो. माणूस पन्नाशीचा, बोलायला मोकळा. बोटीच्या कडेला उभा राहून पाण्यात बोट दाखवून म्हणतो, "सायेब, तुमी आत्ता माज्या वावरावर हाय बघा. हितं खाली बांधावर आमची बाभळ हुती."
धरण आलं तेव्हा जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळ उघडा पडतो, त्यात हे लोक गाळपेर करतात. कडवळ, मका. मी विचारलं, वाटणी कशी? तर म्हणाला, कागद-बिगद काय नाय. "पाणी हटलं की ज्यानं पैला नांगर घातला, त्याचं त्या सालापुरतं. माजा चुलतभाऊ टपूनच बसलाय." डोळे पाण्याच्या कडेवरच होते त्याचे, चहा गार झाला.
धरण आता मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात जाणार असं गावात बोलतात. दर आठवड्याला बोट आत सरकवावी लागते. नांगर उचला, गाळ धुवा, पुन्हा टाका. नांगर उचलणारा मी. जागा दाखवणारी ती.

१५ एप्रिल
ऊन म्हणजे ऊन. केबिनमध्ये मेणबत्ती आपोआप वाकली. उद्या सोलापूर. मेहुणीकडं लग्न आहे, पाच दिवस. गादी! नळ! संडासात सरळ उभं राहता येतं!
सु. दुपारीच गावात सामान घेऊन गेली. जाताना जागा दाखवून सांगितलं, "तीन वाव, अठरा फूट पाण्यात न्या, दोरी लांब सोडा. पाणी झपाझप उतरतंय." बोट नेऊन ठेवली. झालं.

१८ एप्रिल, सोलापूर
इथं नळाला चार दिवसांआड पाणी, ते आज आलं. मेहुणी म्हणाली, भावजी, तुम्ही कशाला उठता. मी सगळ्या बादल्या भरल्या, पिंप भरलं, जिना धुतला. इतका आनंद मला लग्नात झाला नाही.
संध्याकाळी एकटाच आपल्या बिल्डिंगकडं गेलो. श्रीनिवासनं वर बोलावलं. त्याच्या बायकोनं चहा दिला, बिस्किटं दिली. दोघं आपसात तेलुगूत काहीतरी बोलले, मग तो म्हणाला, "अंकल, ठरलं का?" मी माझ्याच हॉलमध्ये पाहुण्यासारखा कडेला बसलो होतो. पडदे तेच. खिडकीतून तेच लिंबाचं झाड. तीन मेपर्यंत नक्की सांगतो म्हणालो.

१९ एप्रिल
बिभीषणचा फोन, आम्ही मांडवात. सनई, बँड, काही ऐकू येईना. "सायेब, मी भायेरगावी हाय, बोट कुटं हाय तुमची?" मी ओरडून सांगितलं, "तुमच्या वावरात नांगर टाकून आलोय!"
तो म्हणाला, "कुणाच्या इचारानं?"
म्हटलं, त्यात विचारायचं काय, दर वेळी टाकतोच की. त्यानं फोन आपटला. काय झालं याला?

२१ एप्रिल
झालं ते असं.
आम्ही उतरलो तर काठावर बिभीषण कमरेवर हात ठेवून, आणि बोट आडवी. आडवी म्हणजे एका कुशीवर, सगळी गाळात, पाणी तिच्यापासून चाळीस पावलं लांब. डोलकाठी बाभळीच्या वाळक्या खोडाकडं कललेली. हीच ती बाभळ.
बिभीषण माझ्यावरच धावला. "माज्या वावरात नांगर घालाया कुणी सांगितलं तुमाला? माज्या चुलतभावानं? किती दिलं त्यानं?" मला कळेचना. सु.ला कळलं. ती चिखलात गुडघाभर आत गेली आणि दोरी ओढून आमचा लोखंडी नांगर वर काढला. "हा नांगर, बिभीषण. बोटीचा."
तो बघतच राहिला. मग खाली बसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. "आवो, दोन दिस झालं जेवलो न्हाय की वो! ट्रॅक्टर घिऊन तयारीत हाय मी!"
मीही हसलो. सु. हसली नाही. बोटीकडं बघत होती.

२३ एप्रिल
तिरप्या बोटीत राहतोय. झोपलं की भिंतीवर झोपतो. चहाचं पातेलं सांडशीनं धरून उकळायचं. बोटीच्या तळाची उभी पात गाळात अडकली आहे, ती निघेपर्यंत ट्रेलर लावता येत नाही. बिभीषण म्हणतो, वरचं वाळू द्या, मग ट्रॅक्टरनं ओढू, तोवर तो आमच्या भोवतीनं नांगरणार. त्याला थांबता येत नाही, चुलतभाऊ आहेच.
सु. दोन दिवस गप्प. मी दोरीला दोरी म्हटलं तरी गप्प.

२५ एप्रिल
आज बोलली. भांडी घासत होती, तोंड वर न करता. "खोली मी सांगितली होती. माझाच अंदाज चुकला. तीन वाव नसणार तिथं, वाऱ्यानं नांगर कडेला ओढत आणला."
मग म्हणाली, "इथं धरणाच्या पाण्यात जिला बोट सांभाळता येत नाही, ती समुद्रात काय करणार. तुम्हाला घेऊन बुडायची एखाद्या दिवशी. श्रीनिवासला सांगा, खाली कर म्हणावं. आपण जाऊ घरी."
नऊ महिने हे वाक्य ऐकायला जीव टाकला होता मी. आज ऐकलं आणि जेवण गेलं नाही.

२६ एप्रिल
इथं तरी खरं लिहितो.
पंधरा तारखेला मी बोट तीन वावात नेलीच नाही. दोन महिने वल्हवून खांदे गेले होते, परत आल्यावर सामान घेऊन एवढं लांब कोण वल्हवणार, म्हणून कडेला आणून टाकली. दोरीही आखूड ठेवली. काठी पाण्यात घालून बघितली होती. माझ्या छातीइतकंसुद्धा पाणी नव्हतं. रोज किती उतरतंय ते मला माहीत होतं, दर आठवड्याला मीच तर सरकवतो.
नुसता आळस होता? नाही. टाकताना मनात आलं होतं की रुतली तर रुतली.
पोहता येत नाही मला, हे छत्तीस वर्षं तिला माहीत आहे. भीती वाटते हे माहीत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.
सांगितलं असतं का, कुणास ठाऊक.

२८ एप्रिल
सकाळी आठला ट्रॅक्टर. बिभीषणनं बोटीला वळसा घालून नांगरट केली, पार डोलकाठीच्या टोकाखालून. आम्ही आत, चहा हलतोय, जमीन हलतेय. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला बोट लागली, तीही वावरात. चुलतभाऊ बांधावर येऊन बघून गेला.
सु. शिडाची घडी घालत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही घाला, टॉवेलची घडी तुम्हालाच चांगली येते." प्रेमानं म्हणाली. मला तोंड लपवायला जागा नाही या बोटीत, वाकायला तेवढी आहे.

१ मे
बिभीषणनं विचारलं, "बाई बोलंना का झाल्यात ओ? आमच्यामुळं राग आला का? आमी नांगर म्हनलं तर आमचा, तुमी म्हनलं तर तुमचा, चुकी कुणाचीच न्हाय की त्यात."
म्हटलं, चूक आहे. कुणाची ते बोललो नाही.
पात निघाली. परवा ट्रेलर लावणार. कडवळ उगवायच्या आत जागा मोकळी पाहिजे त्याला.

३ मे
सांगितलं.
दुपारी. दोघं बोटीच्या खाली सावलीला बसलो होतो, ती तळाचा गाळ खरवडत होती. मी म्हटलं, "बोट कडेला मी आणली. तू सांगितलेल्या जागी नेलीच नव्हती."
खरवडायचं थांबलं. "किती कडेला?"
"काठी टेकत होती."
"का?"
"वल्हवायचा कंटाळा."
"तेवढंच?"
"नाही."
बाकीचंही सांगितलं. भीतीचं, घराचं, रुतली तर रुतली. एका दमात, खाली बघून. तिनं शेजारचं चहाचं पातेलं उचललं आणि नांगरटीत भिरकावलं. लांब गेलं. पी.टी.च्या बाई आहेत. मग उठून ढेकळांतून ते आणायला स्वतःच गेली, वाकून वाकून शोधत होती, आणि मी हाक मारली तर "बसा तिथंच" म्हणाली.
तासाभरानं आली. डोळे लाल. उन्हानं म्हणाली.
"बारा दिवस मला वाटत होतं, मला काही येत नाही."
मी पाण्याचा तांब्या पुढं केला. घोटभर प्यायली, मग म्हणाली,
"श्रीनिवासला आज सांगायचंय ना?"
"हो. तूच म्हणालीस, खाली कर म्हणावं."
"ते माझी चूक समजून म्हटलं होतं. ते धरू नका." पातेलं पदरानं पुसत होती, तेच तेच. "मी जाणार समुद्रावर. एकटी जावं लागलं तरी जाईन. तुम्ही माझ्यासाठी येऊ नका आणि माझ्यासाठी राहू पण नका. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा त्याला. तुम्हाला, स्वतःला."
आणि बिभीषणकडं ट्रेलरचं चाक बघायला निघून गेली.
श्रीनिवासचे दोन मिस कॉल येऊन गेलेत. तिसरा आत्ता वाजतोय. मला कुणी विचारत नाही, विचारत नाही म्हणून नऊ महिने वह्या भरल्या.
आज विचारलंय.