बाजाराच्या दिवशी भरलेलं कार्ड

ड्रेस्डेन, जर्मनी
१२ मे २०१६

आबा,

तुमच्या अन् आईच्या पाया पडते. मी मजेत आहे. भाकरी तेवढी अजून तव्यावर तुटते. श्रेयावहिनीला सांगा, पत्र तुम्हाला हळू वाचून दाखव.

इथं शिकायला येताना तुम्ही दिलेलं पैशाचं कार्ड झकास चालतंय. कृष्णादादा उस्मानपुऱ्यातल्या बँकेत त्यावर पैसे भरतो अन् इथं माझ्या मोबाईलवर मेसेज येतो. दुकानात कार्ड लावलं की काम फत्ते.

पण आबा, मेसेज दरवेळी बाजाराच्या दिवशीच येतो. शाळा इंग्लिश मीडियमची असली तरी मी मेंढरांतच वाढलेय. बाजाराच्या दिवशी आपल्या घरात पैसा कशानं येतो, मला कळतं. दादा म्हणेल, चारा नाय म्हणून विकली. खरं तुम्ही सांगा. किती राहिली?

आता कार्ड भरू नका. मला बेकरीत काम मिळालंय. मालकीण कडक आहे, पण पगार वेळेवर देते. खोलीचं भाडं अन् जेवण त्यात आरामात निघतं.

टँकर रोज येतो का? आईचा गुडघा कसा आहे?

पाऊस पडल्यावर चारायला मेंढरं पाहिजेत, आबा. पुढच्या बाजाराच्या संध्याकाळी माझा मोबाईल वाजला नाय, तर मला लई बरं वाटेल.

तुमची,
ज्ञानू