लाल गाडीची शिवण

ता. ३ जून

चि. भिंगरीस,

आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

तू कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हात हलवत होते. तुला दिसलं नसेल, त्या गाडीच्या मागच्या काचेतून नुसतं आभाळच दिसतं. पण केवढी ग लाल! शेजारीण खिडकीतून विचारत होती, नातीला लॉटरी लागली का म्हणून. मी म्हटलं, नाही बाई, सहा वर्षं लोकांच्या चष्म्यांना काचा बसवल्या आणि स्वतः बसला लोंबकळली, त्याचं हे फळ. मान आत घेतली. खिडकी मात्र लावली नाही.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाचं ऐकते, असं तुझी आई म्हणते. म्हणून आपलं पत्रच बरं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा वेलांटी इकडची तिकडे झाली तर हाताने सरळ करून घे.

गाडी विकणाऱ्या त्या गृहस्थाला आपण मखमली नाव ठेवलं ते अगदी चपखल. काय ते बोलणं! बायकोचे गुडघे गेले, एवढ्या खाली तिला बसवत नाही, म्हणून काळजावर दगड ठेवून विकतोय म्हणे. फक्त रविवारी बाहेर काढायचे. आणि तू मेली एकच टुमणं लावून बसलीस, आधी मेकॅनिकला दाखवू. त्याचा चेहरा कसा पडला बघितलास ना? मलाच कसंतरी झालं. अगं, बसडेपोत एकतीस वर्षं सीटची कुशनं शिवली मी. मला मेकॅनिक कशाला? मागच्या सीटवरून हात फिरवला आणि तिथेच कळलं. इंचाला आठ टाके, सगळे हाताचे, मेण लावलेला दोरा, कोपऱ्यात दुहेरी. असं काम मी आयुष्यात दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा माझंच. ज्याने सीटवर एवढा जीव लावला तो इंजिनाला काय उपाशी ठेवणार आहे? तेच मी तुला म्हटलं आणि तू ऐकलंस. शहाणी माझी बाय.

आणि कागदावर साक्षीदार म्हणून सही मी केली! पेन्शनच्या कागदांनंतर पहिलीच सही. मखमली म्हणाला, आजींचं अक्षर मोत्यासारखं आहे. खोटं असेल, पण बरं वाटलं.

सावकाश चालव. म्हणजे फार सावकाशही नको, तेवढ्यासाठी का घेतलीस?

माया आहेच, तिला ऊन दाखवत जा.

तुझी,
आजी

---

ता. १९ जून

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

खुशाल आहे. गाडीही खुशाल आहे असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोललं की मला उचक्या लागतात.

तसं मोठं काही नाही. दुपारभर उन्हात उभी राहिली की आत ओल्या फडक्यासारखा वास येतो. डाव्या बाजूची काच मनात आलं की आपोआप खाली उतरते आणि विनवण्या केल्यावर वर जाते. समोर एक पिवळा दिवा लागतो, तो कशाचा ते पुस्तकात आहे, पण पुस्तक मखमलीने दिलंच नाही. त्याला फोन केला. म्हणाला, नव्या हाताला गाडी लाजते, थोडी पळवा, मोकळी होईल. इतक्या प्रेमाने म्हणाला की मीच त्याला त्रास दिल्याबद्दल माफी मागितली.

दुकानात मात्र माझा भाव वधारलाय. मालक स्वतः बघायला खाली आले. सीटवर बसले आणि म्हणाले, शिवण काय सुरेख आहे. मी तुझं नाव सांगितलं, पारख आजीची म्हणून.

गोळ्या वेळेवर घे. तुझ्या पत्राची वाट पाहते आहे, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
भिंगरी

---

ता. २८ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, आणि पाठीवर एक हलकी थाप. वि. वि.

वासाचं काय घेऊन बसलीस! कोळशाचे चार तुकडे फडक्यात बांधून सीटखाली ठेव. तुझ्या आजोबांच्या बुटांना तीस वर्षं हाच उपाय केला, आणि त्या बुटांपुढे तुझी गाडी म्हणजे अत्तराची बाटली. आजोबांनी जुना रेडिओ आणला होता, त्याला थोबाडीत मारल्याशिवाय तो गात नसे. म्हणून काय टाकून दिला? नवी सून आणि जुनी गाडी, दोघींना घर ओळखायला वर्ष लागतं.

माझं गुडघ्याचं दुखणं जरा बरं आहे. हवा कुंद झाली की ठणकतं. तुझ्या आईला लिहिलंय, नातीची गाडी आली, आता मला दवाखान्यात राणीसारखं नेणार. खरंच नेशील ना?

प्रेमात खंड नको, पत्रात तर नकोच.

तुझी,
आजी

---

ता. ११ जुलै

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

आधी पत्र पूर्ण वाच, मग घाबर. मी सुखरूप आहे.

मंगळवारी अर्धा दिवस काम करून दुपारी घरी आले, आणि डबा गाडीत राहिला म्हणून पुन्हा आमच्या इमारतीच्या तळघरात गेले. आत बसले, दार ओढलं, आणि दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज झाला. त्यानंतर दार उघडेना. दोन्ही दारं. काचा हलेनात, भोंगा वाजेना, तळघरात फोन लागत नाही. पहिली दहा मिनिटं मला हसू येत होतं. मग काचेवर माझाच श्वास जमायला लागला. हाका मारल्या, काचेवर डबा आपटला, पण राखणदार जेवायला गेलेला. आजी, ती गाडी इतकी बुटकी आहे की आत हात पसरून रडायलाही जागा नाही.

मागची सीट पाडली तर डिकीत जाता येतं हे मला माहीत होतं. खटका कापडाखाली लागत होता, पण तिथलं तोंड पक्कं शिवून टाकलेलं. चष्म्याच्या कामाची बारीक सुरी खिशात होती. तुझी ती दुहेरी शिवण मी एकेक टाका करून कापली. आत हात घातला तर मूठभर करडी माती आली, भुकटी झालेली. आणखी आत गोगलगायीचा एक एवढासा शंख.

दीड तासाने डिकीचं झाकण आतून उघडून मी बाहेर सरपटले. राखणदाराने मला चोर समजून शिट्टी फुंकली आणि काठी टाकून स्वतःच पळाला. सगळे खूप हसले. मीही हसले. पण अजून मला न्हाणीघराची कडी लावून घेता येत नाही.

सीटमध्ये शंख कसा येतो ग?

तुझी माया जवळ असू दे.

तुझी,
भिंगरी

---

ता. १६ जुलै

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीन वेळा वाचलं. चहा निवला तो तसाच.

शंख कसा येतो ते मला ठाऊक आहे. तूच विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर जीभ रेटत नव्हती. मी नोकरीत असताना एकदा नदी डेपोत शिरली. चाळीस बसगाड्या खिडक्यांपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्या कुशनवाल्यांनी सीटची कापडं उसवली, धुतली, वाळवली आणि पुन्हा शिवली. मशीन त्या जागी पोचत नाही, म्हणून हाताने. दोरा कुजू नये म्हणून मेण. कोपरे फुगलेले असतात म्हणून दुहेरी. बुडालेल्या सीटची शिवण अशीच असते ग, दुसरी कुठली नाही. माझ्या बोटांना हे पाठ आहे. नऊ वर्षं जुन्या गाडीत कोरा करकरीत दोरा बघूनही मी काय केलं? वाहवा केली. टाके इतके देखणे होते की ते कशासाठी घातलेत हे विचारायचंच विसरले. सोनाराला चोरीचा दागिना दाखवावा आणि त्याने नक्षीच बघत बसावं, तशातली गत.

तू मेकॅनिकला दाखवणार होतीस. मी अडवलं. मखमलीने नुसतं दार उघडं धरलं होतं, तुला आत ढकलून कडी घातली ती मी.

मखमलीकडे जा. गोड बोलू नकोस.

रागव माझ्यावर, पण दूर जाऊ नकोस.

तुझी,
आजी

---

ता. २ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

गेले होते. मखमलीने सरबत दिलं आणि कागद पुढे केला. गाडी जशी आहे तशी, पाहून पारखून घेतली, पुढे तक्रार नाही. खाली माझी सही, बाजूला तुझी. म्हणाला, तुमच्या आजी तर जाणकार होत्या. मी सरबत ठेवून उठले, तेही सांडलं माझ्याच अंगावर.

मग मेकॅनिककडे नेली, दार दोरीने उघडं बांधून. तो म्हणाला, तारा आतून कुजल्यात. आज कुलूप अडकलं, उद्या ब्रेक. दुरुस्ती सांगू नका, कुठून सुरू करू?

आता नीट ऐक. माझ्या कामाच्या वाटेवर बेकरी आहे. तिथला बेकरीवाला रोज गाडीबद्दल विचारतो. लहानपणापासून त्याला अशीच हवी होती. आईला घेऊन फिरायचंय. किंमत मी सांगेन ती द्यायला तयार आहे, आणि मेकॅनिक वगैरे काही म्हणत नाही, भला माणूस आहे. गाडी चालू तर होते. फक्त मागची सीट मी कापलेली दिसते.

तेवढं तू शिवून दे. तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही. नऊ तारखेला सकाळच्या बसने ये. तो आईला घेऊन चार वाजता येणार आहे. तूच दाखव, किल्ली ठेवून जाते. मला समोर उभं राहवणार नाही. हे वाईट आहे हे मला कळतं, उपदेश करू नकोस. सहा वर्षं तळघरात कुलूप लावून ठेवल्यासारखी वाटतात, आणि बाहेर पडायला एवढंच दार दिसतंय.

एवढी एक गोष्ट कर, बाकी माझं प्रेम न मागता आहे.

तुझी,
भिंगरी

---

ता. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र टपालाचं नाही, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय. तू येशील तेव्हा मी बसमध्ये असेन. थांबायला हवं होतं. मला थांबवेना.

मी शिवायलाच आले होते हो. सुया आणल्या, मेण आणलं, राखणदाराकडून स्टूल आणि दिवा मागून घेतला. बिचारा तुझ्या डिकीची गोष्ट सांगताना अजून घाम पुसतो. दाराला स्टूल लावलं आणि आडवी होऊन शिवायला घेतलं. गुडघा ओरडत होता, पण बोटं काय चालली म्हणून सांगू! चौदा वर्षांनी सुई धरली, एक टाका वाकडा नाही. खोटं कशाला, मला आनंद होत होता. अर्धी शिवण झाली तेव्हा मनात आलं, तो पहिला कारागीरही असाच खूश होत शिवत असेल. त्याच्याही नातीला काही हवं असेल.

तेवढ्यात बेकरीवाला पाऊण तास आधीच आला. अंगाला पावाचा वास, भुवईवर पीठ. त्याची आई माझ्याच वयाची, पण माझ्यापेक्षा दुप्पट बोलकी, म्हणजे बघ. मी काही म्हणायच्या आत ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. पाय लांब केले. मुलाला म्हणाली, चाळीस वर्षं भट्टीपुढे उभी राहिले, आता मला असंच आडवं पडून गाव दाखव. मुलगा नुसता हसत होता. आणि हसत हसत त्याने तिच्या बाजूचं दार लावायला हात घातला.

भिंगरे, मी एवढ्या मोठ्याने ओरडले की राखणदार पुन्हा पळाला.

मग सगळं सांगितलं. उसवून माती दाखवली. तुझं नाव सांभाळायचा प्रयत्न केला, म्हटलं नातीला पुरतं माहीत नाही. पण तो म्हणाला, त्यांनी तर दार दोरीने बांधून नेलेलं मी पाहिलंय. मग भुवईवरचं पीठ पुसलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याची आई मात्र उतरेना. म्हणाली, घ्यायची नाही तर नाही, पण बसले आहे तर पाच मिनिटं बसू दे. मग बसली. मी स्टूल दारात घट्ट दाबून त्यावर बसले. आम्ही दोघींनी गुडघ्यांबद्दल बोलून घेतलं.

गाडी तुझ्या गळ्यात तशीच आहे. पहिल्यांदा मी चुकीचं बोलून अडकवलं, आज खरं बोलून. सुया सोबत नेतेय. तुझ्या हाती ठेवायचा धीर नाही, आणि माझ्याही.

राग निवला की दोन ओळी टाक. नाही निवला तर त्याच्यासकट टाक.

तुझी,
आजी

---

ता. २१ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. वि. वि.

राग निवलेला नाही, त्याच्यासकट लिहिते आहे.

पत्र वाचून मी पहिल्यांदा साखरेचा डबा भिंतीवर मारला. मुंग्या अजून येतात. दहा दिवस तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते पूर्ण पाळलं.

गाडी मोडीवाल्याने बघितली. चाकं, आरसे आणि दिवे घेतो म्हणतो, बाकी वजनावर. शुक्रवारी ओढून नेईल. सहा वर्षांतली पाच गेली असं धर. मखमलीला नोटीस पाठवायला वकील शोधते आहे. दुकानातल्या बाई म्हणाल्या, कागदावर सही असली तरी बुडालेली गाडी लपवली हे वेगळं. बघू.

आता कामाला पायीच जाते. पंचवीस मिनिटं लागतात, आणि बेकरी बरोबर मध्ये आहे. पहिल्या दिवशी मी मागच्या गल्लीने जायला निघाले होते. ती वाट बारा मिनिटांनी लांब पडते. अर्ध्यात मनात आलं, शिवण पुरी झाली असती तर जन्मभर याच गल्लीतून जावं लागलं असतं. मागे फिरले. बेकरीवाल्याने मान खाली घातली, मीही घातली. त्याच्या आईने मात्र रस्त्यापलीकडून हाक मारून विचारलं, तुझी ती ओरडणारी आजी पुन्हा कधी येणार?

काय सांगू तिला, ते कळव. राग आहे तोवर आहे, पण तू ये.

तुझी,
भिंगरी