भुयार आणि हिरवी बाटली

मंगळवार, संध्याकाळ. जर्सी सिटी

गेलो! नदीखालच्या भुयारातून, ट्रेननं, थेट मॅनहॅटनपर्यंत. पॅनिक अटॅकच्या धास्तीनं तीन वर्षं फेरी बोटीनं ऑफिसला जायचो. डॉक्टर मेडिकल कॅनाबिस, म्हणजे औषधी गांजा, सुचवत होते, पण वकीलबाईंनी बजावलं होतं, केंद्राच्या कायद्यात तो अजून गुन्हाच, सिटिझनशिप होईपर्यंत हातही लावायचा नाही. थांबलो. शपथ झाल्यावर पुढच्याच आठवड्यात त्याचं परवाना-कार्ड काढलं आणि थेंबांची हिरवी बाटली आणली.

नागपूरहून आलेल्या आईला मात्र सांगितलं, आयुर्वेदिक थेंब आहेत. का घाबरलो एवढा? ती हिरवी बाटली मी घरी कुठेही विसरतो, तरी निघताना बॅगेत असतेच. आजही होती. थेंब घेऊनच निघालो.

भुयारात छाती धडधडली. पण 'आता मेलो' असं वाटलं नाही. नुसती धडधड, मग तीही ओसरली आणि स्टेशन आलं! प्लॅटफॉर्मवरूनच आईला फोन केला. बोलता बोलता रडलोच.

"शाब्बास!" ती म्हणाली. "आता त्या भांगेला आयुर्वेदिक म्हणणं सोड. शिवरात्रीला तुझ्या आजोबांसाठी मीच घोटायची, मला वास कळत नाही होय? आणि बाटली रोज बॅगेत कोण ठेवतं, वाटलं तुला?"