तिसरं कडवं

पप्पा, यंदा मी तुमचा नियम मोडला, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही, हे आधी सांगून टाकते. ज्या घरात वर्षभरात मयत झालं त्या घरी नाताळात कॅरलची फेरी न्यायची नाही, त्यांनी चांदणी लावायची नाही, करंज्या करायच्या नाहीत. बायबलात हे कुठं लिहिलंय, असं मी चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिहिलेलं नाही, पण पाळतात." तुम्हीही पाळायचात. खांदा कॉलनीतली फेरी इतकी वर्षं तुम्ही काढलीत, आणि तुमच्यामागून ती माझ्याकडे आली. पनवेलची आता महानगरपालिका झाली, पोरं मोबाइलमध्ये बघून गाणी म्हणतात, पण हा नियम मात्र कोणी बदलला नाही.

मला खरा राग याचा येतो की, ही गाणी काय आहेत ते मला तुम्हीच शिकवलं होतं. मी दहा वर्षांची असेन. आई ओट्यापाशी करंज्या भरतेय, तुम्ही एसटी स्टँडवरची ड्यूटी संपवून खाली चटईवर बसलायत, आणि मी तोंडातल्या तोंडात भरभर गाणं म्हणतेय. "ही वरात नाही," तुम्ही दरडावता, "काय म्हणतेस ते आधी वाच." मग एकेक ओळ वाचायला लावता. मेंढपाळ म्हणजे कोण, तर रात्रपाळीवाले, माझ्यासारखे, असं तुम्ही म्हणता. गाण्यातली ती आई म्हणजे परगावी अडकलेली, जवळ एक बाईमाणूस नाही अशी पोर. आणि तिसऱ्या कडव्यात तो मागी, पूर्वेकडचा ज्ञानी, बाळासाठी गंधरस घेऊन येतो. गंधरस मेलेल्याच्या अंगाला लावतात, हे कळल्यावर आईने हातातली करंजी खाली ठेवली. "बारशाला असलं कोणी आणतं का हो?" तुम्ही म्हणालात, "म्हणूनच हे गाणं गोड गोड म्हणायचं नाही." ते मला इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस मला ते गाणं म्हणायची भीती वाटायची.

माझ्या लग्नात तुम्ही तुमची गाण्यांची वही मला दिलीत. तुम्हाला सगळं पाठच होतं. त्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला पेन्सिलीने कंस केलेला आणि शेजारी तुमच्या अक्षरात, 'वेळ नसेल तर सोडावे.' मला हसू आलं होतं. चाळीस घरं करायची, प्रत्येक घरी चार कडवी कोण ऐकणार? पण पप्पा, मी फेरीत होते तेवढ्या वर्षांत ते कडवं कुणाच्याही दारात म्हटलेलं मी ऐकलं नाही. पहिलं, दुसरं, की थेट शेवटचं. वेळ कधीच नव्हता.

मग ते वर्ष आलं. नोव्हेंबरात माझं बाळ पोटातच गेलं, दिवस भरलेले असताना. डिसेंबरात तुमची फेरी आमच्या गल्लीत येणार हे मला माहीत होतं. नियम माहीत होता, तरी मला वाटलं, स्वतःच्या मुलीचं दार तुम्ही टाळून जाणार नाही. मी वीस माणसांचा चहा ठेवला. ढोलकी शेजारच्या बिल्डिंगखाली वाजली, गाणी झाली, कुणीतरी हसलं, आणि ढोलकी पुढे गेली. चहा दुसऱ्या दिवशी मोरीत ओतला. तशीच उठून एसटी स्टँडवर आले आणि तुमच्या कंट्रोल केबिनमध्ये घुसले. "मी वाट बघत बसले होते," मी म्हटलं, "दार उघडं ठेवून." तुम्ही माइकवर हात ठेवलात. "बाळाची गाणी, पोरी. तुझ्या दारात कोणत्या तोंडाने म्हणू?" आणि लगेच माइकवर उरणच्या गाडीचा फलाट सांगितलात. आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढे तुम्ही जाईपर्यंत आपण या विषयावर बोललो नाही.

तर यंदा. सप्टेंबरात आपल्या मंडळीतल्या एका बाईंचा तरणा मुलगा हायवेवर अपघातात गेला. संध्याकाळी साडेसातला फेरी त्यांच्या जिन्यापाशी आली, तेव्हा तेच वडीलधारे पुढे झाले. "ताई, त्यांनी दिवासुद्धा लावलेला नाही. चला पुढे." मी म्हटलं, "ज्यांना यायचं ते या," आणि जिना चढले. सहा जण आले. बेल वाजवली. दार उघडायला बराच वेळ लागला. त्या गाऊनवरच होत्या, पण दार लावलं नाही. आम्ही चारही कडवी म्हटली. तिसरं सुरू झालं तशा त्या चौकटीला टेकल्या आणि हमसून हमसून रडल्या. माझ्या मागचे दोघे गप्प झाले. मी म्हणत राहिले. संपल्यावर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "घरात दूध नाही गं. चहा कसा करू?" मी म्हटलं, कोराच करा. आम्ही आत जाऊन बसलो.

खाली गेल्यावर मला खूप ऐकून घ्यावं लागलं. रडवलंस बाईला, म्हणे. रडवलंच. मग त्या गाण्यात गंधरस कशाला ठेवलाय? सुखी घरांत म्हणायची असती, तर या गाण्यांना सुरुवातीलाच अंधार आणि थंडी लागली नसती. पुढच्या वर्षीही मी असल्या दारात जाणार, पाळकसाहेबांनी फेरी काढून घेतली तरी एकटी जाईन.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. त्या दिवशी स्टँडवरून घरी आले, तर खालच्या मजल्यावरच्या, गव्हाण गावच्या मावशींनी जिन्यात थांबवलं. "काल तुजा बापूस खाली उबा व्हता, बराच टायम. वर बत्ती नाय दिसली, मंग गेला." पप्पा, बत्ती मीच बंद केली होती. ढोलकी जवळ आली तसा माझा धीर सुटला, मी दिवा मालवला, कडी लावली आणि अंधारात चहाच्या पातेल्यापाशी उभी राहिले. दार उघडं होतं हे मी तुम्हाला खोटं सांगितलं. अंधारी खिडकी तुम्ही पाहिली होती, आणि केबिनमध्ये तुम्ही एका शब्दाने मला ते म्हणाला नाहीत. तरीही तुम्ही वर यायला हवं होतं. बेल वाजवायला हवी होती. मी दार उघडलं असतं की नाही, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.