काउबॉय आईकडे जात नाहीत

आजी, तुम्हाला मराठी येत नव्हतं म्हणूनच हे मराठीत लिहितोय. इंग्रजीत लिहायला घेतलं असतं तर तुम्ही खांद्यावरून वाचताय असं वाटत राहिलं असतं, आणि मी उगाच नीटनेटकं लिहायला लागलो असतो. तुमच्या घरात भाड्यानं राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, मला नावानं हाक मार. माझ्या जिभेला ते कधी वळलं नाही. शेवटी मी 'आजी' म्हणायला लागलो आणि तुम्ही त्याचा अर्थ विचारलात. सांगितल्यावर म्हणालात, "माझ्या स्वतःच्या नातवंडांनी मला इतक्या मानानं कधी हाक मारली नाही." इंग्रजीत तुमच्या-माझ्यात एकच 'यू' ये-जा करायचा. पण तुमच्याकडून आलेला मी 'तू' असा ऐकायचो आणि माझ्याकडून जाणारा 'तुम्ही' असायचा. आज पहिल्यांदा तो तसा लिहितोय.

मी गाडीत बसलोय. न्यू जर्सीतल्या एडिसनला, ओक ट्री रोडवर, वाणसामानाच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये. बायको आत गेलीय, मी बाहेर थांबतो म्हणालो. हीटर लावतो, गरम होतं, बंद करतो, काच धुरकटते, परत लावतो. समोरच्या कप्प्यात एक छोटी डबी आहे, तिच्यात कानात घालायची दोन मशीनं आहेत. सकाळी घेतली. ऑफिसात सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जातोय, घरी सांगितलं ऑफिसात जातोय. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या माणसानं कानासाठी एवढं खोटं बोलावं, याचं मला हसू यायला हवं. येत नाही. मघापासून मी तो कप्पा उघडतोय आणि लावतोय.

क्लिनिकमध्ये कान तपासणाऱ्या मुलीनं काचेच्या खोलीत बसवून माझी परीक्षा घेतली आणि मग कागदावरची उतरती रेघ दाखवली. खालच्या पट्टीचे आवाज शाबूत आहेत, वरच्या पट्टीचे गेलेत. स, त, फ, क ही अक्षरं माझ्यापर्यंत पोचायच्या आत विरून जातात. म्हणजे माणसं बोलतात हे कळतं, काय बोलतात ते कळत नाही. मला हे माहीत होतंच. मीटिंगमध्ये मी स्क्रीनवर उमटणारे बोलण्याचे शब्द वाचून वेळ मारून नेतोय. मागच्या आठवड्यात मॅनेजरनं एक विचारलं, मी भलत्याचंच उत्तर दिलं, आणि सगळे क्षणभर गप्प झाले. आमच्याकडे माणसं कमी करायचं चाललंय, तेव्हा अशी शांतता मला चांगलीच ऐकू येते. मुलगी कॉलेजातून घरी आली की इंग्रजीत भरभर पुटपुटते आणि मी हसून मान डोलावतो. परवा म्हणाली, "बाबा, दॅट वॉज नॉट अ येस-ऑर-नो क्वेश्चन."

क्लिनिकमधून निघाल्यावर काय केलं सांगू? फोनवर ती जुनी रेडिओ नाटकं शोधली. तुमच्या यजमानांनी कॅसेटवर उतरवून ठेवलेली, शेरीफ, दरोडेखोर आणि वाळवंटांची. आता ती सगळी कुणीही ऐकू शकतं. एक लावलं. माणसं बोलायला लागली आणि शब्द भिजलेल्या कागदासारखे विरघळले. पण घोडे! घोड्यांच्या टापा स्पष्ट, गोळीबार स्पष्ट, वादळ स्पष्ट. अगदी त्या पहिल्या शनिवारसारखं.

तो शनिवार. ॲन आर्बरचा जानेवारी, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलेला. वरच्या खोलीत पलंगावर माझी बॅग उघडी पडलीय. आदल्या दिवशी पीएच.डी.च्या गाइडनं बोलावून सांगितलंय की मी ज्यांना शिकवतो त्या पोरांनी तक्रार केलीय, हा काय बोलतो ते आम्हाला समजत नाही. या सेमिस्टरच्या शेवटी पुन्हा तक्रार आली तर असिस्टंटशिप दुसऱ्याला द्यावी लागेल. असिस्टंटशिप गेली की फी भरणं अशक्य, म्हणजे नागपूरला परत. नागपूरला स्टेशनवर हार घालायला आलेली सगळी गल्ली मला दिसतेय. मी कपड्यांच्या घड्या घालतो, मोडतो. आणि खालून, तुमच्या स्वयंपाकघरातून, घरभर घोडे दौडतायत.

मी जिना उतरून आलो. तुम्ही टेबलाशी बसला होतात, कॅसेट प्लेयर कानाला जवळजवळ चिकटवलेला, समोर सफरचंदं चिरून ठेवलेली. तुम्हाला वाटलं मी आवाजाची तक्रार करायला आलोय. घाईनं आवाज कमी केलात आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, विचारलंत, "आत्ता तो काय म्हणाला?"

मला कुठं कळलं होतं! अमेरिकेत येऊन पाच-सहा महिने झालेले, त्यातून त्या काउबॉयांचं ते तोंडातल्या तोंडात चघळलेलं इंग्रजी. मला फक्त घोडा कळला होता आणि एक दार. मी म्हणालो, "तो म्हणतो, परत जातो."

"कुठं?"

"घरी."

तुम्ही माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवलीत.

मग दर शनिवारी दुपारी तेच. तुमचे कान जात चालले होते. मशीन होतं, पण ते शिट्ट्या मारायचं म्हणून तुम्ही ते साखरेच्या भांड्यात ठेवायचात. मी प्लेयरला कान लावून ऐकायचो, थोडं झालं की बटण दाबून थांबवायचो, आणि तुम्हाला सांगायचो. सुरुवातीला मी खाली बघत, छातीशी बोलायचो. तुम्ही टेबलावर सुरी आपटलीत. इतकी जोरात की सफरचंदाची फोड उडाली. "मान वर कर! मी ओठ वाचते. तू शर्टाच्या बटणांना गोष्ट सांगतोयस." मी मान वर करून सांगायला लागलो, तर म्हणालात, "शब्द नको सांगूस. झालं काय ते सांग. कोण घाबरलंय? कोणाच्या हातात बंदूक आहे? मला तेवढंच हवंय."

ते वाक्य मी सोमवारी वर्गात घेऊन गेलो. फळ्याकडे तोंड करून बोलायचं बंद केलं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांत बघून सांगितलं की या समीकरणात नेमकं काय घडतंय, कोण कोणाला ढकलतंय. ती मुलगी लिहायची थांबली आणि तिनं प्रश्न विचारला. माझ्या वर्गात विचारला गेलेला तो पहिला प्रश्न. मला तो नीट समजलाही नाही. मी म्हणालो, "पुन्हा विचार, सावकाश." आणि तिनं विचारला, कुणी हसलं नाही. सेमिस्टर संपलं तेव्हा तक्रार आली नाही. बॅग पलंगाखाली गेली.

पण गोष्टी मला निम्म्याच कळायच्या. उरलेल्या निम्म्या मी रचायचो. शेरीफ आणि कैदी बर्फात अडकलेत इथवर टेपमधलं. पुढं त्या कैद्याची आई दोघांना गरम जेवण वाढते, हे माझं. तुम्ही ऐकत राहायचात, मान हलवायचात, कधी कधी डोळे पुसायचात. मला वाटायचं, गोष्टीमुळं.

मग तुमचा मुलगा आला, ओहायोहून. त्या आठवड्यात तुम्ही शेगडीवर भांडं विसरला होतात, धुराचा अलार्म वाजत होता आणि तुम्ही शांतपणे शब्दकोडं सोडवत होतात. मी विद्यापीठातून परत आलो म्हणून निभावलं. मुलानं मला बाजूला घेतलं नाही, तुमच्यासमोरच विचारलं, "हिला दारावरची बेल ऐकू येते का?" मी काही बोलायच्या आधी तुम्ही म्हणालात, "नाही येत. हा ऐकतो माझ्या वतीनं." तो म्हणाला, "मॉम, हा शिकून जाईल निघून." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला म्हणायचं होतं की मी जाणार नाही. पण ते खरं नव्हतं, आणि तुम्ही ओठ वाचत होतात. पुढच्या वसंतात घर विकायला काढलं. कॅसेटचे खोके तुम्ही मला दिलेत आणि प्लेयर मात्र स्वतःकडे ठेवलात, "यांचा हात लागलाय त्याला," म्हणून.

घर विकल्यावर तुम्ही गेलात त्या वृद्धाश्रमात मी पहिल्यांदा आलो तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. कॅसेट आणली होती. तुम्ही ती पिशवीतच ठेवायला लावलीत आणि जेवणघरातल्या आठ-दहा म्हाताऱ्यांसमोर मला उभं केलंत. "सांग," म्हणालात. त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं, एक आजोबा झोपले होते. मी मान वर केली. टेबलावर तळहातांनी घोडे दौडवले. झोपलेले आजोबा जागे झाले. मी सांगत गेलो: कैदी पळतो, शेरीफ मागं लागतो, नदीला पूर, कैदी शेरीफलाच बुडताना वाचवतो. मी शेवटाकडे आलो, कैद्याचं घर लांबून दिसायला लागलं, दारात त्याची आई—

"नाही!" तुम्ही म्हणालात. सगळ्यांसमोर. "आई नाहीये त्यात. शेरीफ त्याला बेड्या घालतो आणि घेऊन जातो. संपलं."

तुम्ही हसत होतात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "लग्न झालं तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. दर आठवड्याला आम्ही दोघं रेडिओसमोर बसायचो. मला सगळ्या गोष्टी पाठ आहेत, पोरा. यांच्या कॅसेटमध्ये एकही काउबॉय आईकडे जात नाही. तुझ्या गोष्टीतला प्रत्येक जण जातो."

"मग मला का विचारत होतात?"

"त्या दिवशी तू जिना उतरलास तेव्हा तुझा चेहरा बघितला होता मी. कुणीतरी तुला काहीतरी विचारायला हवं होतं."

त्यानंतर मी दोनदा आलो. मग पीएच.डी., मग न्यू जर्सीतली नोकरी, आणि मग तुमच्या मुलाचा फोन. तो म्हणाला तुम्ही शांतपणे गेलात. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा होतो. आजही पार्किंगमध्येच आहे. आयुष्यातल्या बऱ्याचशा गोष्टी मला गाडीपाशीच कळतात.

इथवर लिहिलं आणि कप्पा पुन्हा उघडला. या वेळी मशीनं कानात घातली. काय कलकलाट तो! माझ्या जॅकेटची बाही माझ्या अंगावर ओरडली. कुणाच्या तरी ट्रॉलीचं चाक, पिशव्या, एक बाळ, लांबवर दोन काकू वांग्यांवरून हुज्जत घालत होत्या, त्यातलं 'सडकी' एवढं थेट माझ्यापर्यंत आलं. मी काढणारच होतो, तेवढ्यात दार उघडून बायको बसली. पिशवी पायाशी ठेवत म्हणाली, "ताजा नारळ नव्हताच." मी म्हणालो, "फ्रोझन घ्यायचा होतास."

ती थांबली. आमच्याकडे अशा वाक्याला उत्तर येत नाही, हे गेल्या दोन वर्षांत तिच्या सवयीचं झालं होतं. तिनं माझ्याकडे वळून बघितलं, मग माझ्या कानाकडे. मी सगळं सांगितलं: सकाळचं क्लिनिक, दाताचं खोटं, ती रेघ. मला वाटलं ती खोटं बोलण्यावरून चिडेल. तिनं सीटबेल्ट ओढला आणि न लावताच सोडून दिला.

"मला वाटत होतं तू ऐकायचं टाळतोस," ती म्हणाली. "मी बोलते आणि तू दुसरीकडे बघतोस. मला वाटलं कंटाळलास मला. मी बोलणंच कमी केलं होतं रे. तुझ्या लक्षात तरी आलं का?"

नव्हतं आलं. मी तसं म्हणालो. मग तिनं चिडायचं ते चिडून घेतलं, अगदी ओक ट्री रोडच्या भर गर्दीत, काचा बंद करून. मी मान वर ठेवली आणि एकेक शब्द ऐकला. तिनं त्या दोन वर्षांतलं बरंच काही सांगितलं. तिच्या आईचं आजारपण, जे मला अर्धवटच माहीत होतं. मुलीनं विषय बदलायचा ठरवलाय, जे मला माहीतच नव्हतं, जरी मुलीच्या मते तिनं मला दोनदा सांगितलंय आणि मी दोन्ही वेळा हो म्हणालोय. मागच्या गाडीनं जागेसाठी हॉर्न वाजवला. मी दचकलो, ती हसली, मग रडवेली झाली. "चल आता," म्हणाली, "दही गरम होतंय."

आता घरी आलोय. उभ्या उभ्या लिहितोय, बसवत नाही. फ्रिज गुरगुरतोय, नळ टिपटिपतोय, कधीपासून कोण जाणे. वर ती मुलीशी फोनवर बोलतेय आणि मला जिन्यापाशी सगळं ऐकू येतंय. हा कागद कुठं पाठवायचा नाहीये. तुमचं घर दुसऱ्यांचं झालं, आणि लिपी तुम्हाला लागली नसती.

फक्त एक. मशीनमधून पहिल्यांदा तिचा आवाज आला तेव्हा मी क्षणभर ओळखलाच नाही. इतके दिवस तिच्या ओठांवर मी लग्नाच्या वेळचाच आवाज ऐकत होतो, माझ्या आठवणीतला. खरा आता घोगरा झालाय, थकलाय, मध्येच चिरकतो. मशीनमुळं असेल म्हणून दोनदा काढून, पुसून परत घातलं. मशीनमुळं नाहीये. हे तिला सांगितलं नाही.