ठमीच्या थंडीची व्यवस्था

दिनांक ९ जानेवारी २०२६, शुक्रवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझ्या मुलाने माझ्या डुकरिणीला, म्हणजे ठमीला, स्वयंपाकघरामागच्या खोलीतून काढून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधले. बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता. मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रुग्णालयात होते. त्या सकाळमुळेच हे लिहावे लागत आहे, म्हणून ती आधी नोंदवली.

आता रीतसर. मी, रुग्णालयाच्या धुलाईखान्याची निवृत्त प्रमुख, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघा नाही, पण मृत्युपत्र गुडघ्याने लिहीत नाहीत. आधीची मृत्युपत्रे रद्द.

१. घर. हे घर माझ्या एकुलत्या मुलाला मिळेल, पण एका अटीवर: ठमी जिवंत असेपर्यंत दर हिवाळ्यात मागच्या खोलीत राहील. माझे यजमान गेल्यानंतरच्या हिवाळ्यात या घरात माझ्याखेरीज श्वास घेणारी तीच होती. मुलगा तेव्हा रविवारी फोन करायचा.

२. थंडीतली देखभाल. खाली कोरडा पेंढा हवा, तिचे पोट बुडेल इतका. रोज संध्याकाळी ओला भाग काढून नवा टाकावा, पण पसरून देऊ नये. ती तोंडाने एकेक पेंढी ओढत स्वतःचे अंथरूण करते आणि मगच झोपते. गोधडी देऊ नये. पाणी कोमट द्यावे. कान हाताला गार लागले तर पेंढा वाढवावा. उबेसाठी दिवा लावू नये, ती तो पाडेल आणि घर पेटेल. दाराच्या फटीला कापड लावावे. कातडी कोरडी पडली तर तेल चोळावे. ती कुरकुरेल, तिकडे लक्ष देऊ नये.

हे सगळे मी रुग्णालयात जाण्यापूर्वी मुलाला तोंडी सांगितले होते. त्याने काय केले? मी घरी येणार, लोक भेटायला येणार, म्हणून नवराबायकोने मागची खोली फिनेलने धुतली. पेंढा कचरा समजून फेकला. ठमीला शेडमध्ये सिमेंटवर माझी चांगली गोधडी अंथरून दिली. तिने पाण्याचे भांडे उलटवले आणि दिवसभर त्या ओल्या गोधडीवर पडून राहिली. ओले कापड अंगाची ऊब कशी ओढून घेते, हे मी नोकरीभर शिकवत आले. घरातच शिकवायचे राहिले.

मुलगा म्हणाला, "आई, अगं जनावर आहे ते. त्याला थंडी काय नवीन आहे?"

मी म्हटले, "तुलाही नवीन नाही. तरी पायात मोजे घालून झोपतोस."

सूनबाई म्हणाल्या, "आम्ही तुमच्यासाठीच केलं हो सगळं." ते खरे आहे. म्हणून तर त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

३. शिवणयंत्र. सासूबाई गेल्यावर हे मी ठेवून घेतले, तेव्हापासून नणंदेने माझ्याशी बोलणे सोडले. ती मागच्या गल्लीतून रोज दूध आणायला जाते. ठमी ओरडली की गल्लीला कळते. त्या संध्याकाळी ती ओरडत नव्हती, म्हणून नणंद थांबली. शेडमध्ये शिरली आणि माझ्या मुलाला बाजूला सारून तिला आत घेऊन आली. मग मला फोन केला.

"वहिनी, मी तुमच्याशी बोलत नाहीये. फक्त सांगतेय. तुमची ठमी थरथरतेय. माझा कोट घातलाय तिच्यावर."

"वन्सं, कोट खाईल ती."

"खाऊ दे. मेलं, जुनाच आहे."

बाही खाल्ली. शिवणयंत्र नणंदेला द्यावे. ते तेव्हाच द्यायला हवे होते असे मी म्हणणार नाही. सासूबाईंनी ते मलाच दिले होते.

४. बँकेतली शिल्लक मुलाची. त्यातून ठमीचा पेंढा आणि जनावरांच्या डॉक्टरांचा खर्च आधी व्हावा. तिच्या छातीत कफ आहे. अजून खोकते. मी खुर्ची ओढून जवळ बसते, तेव्हा थोडी शांत होते. मीही. माझ्याआधी ती गेली तर कलम १ ची अट आपोआप संपेल. मुलाला ते सोयीचे होईल. मी दमले आहे, पण त्याची सोय होऊ देण्याइतकी नाही.

५. अट मान्य नसल्यास हे घर आणि ठमी दोन्ही नणंदेला जातील. तिला विचारले आहे. म्हणाली, "घराचं बघू, डुकरीण घेते."

साक्षीदार:
कोपऱ्यावरचे औषधवाले (सही). सही करताना म्हणाले, "मावशी, डुकरासाठी मृत्युपत्र?" त्यांना सांगितले, "मुलासाठी आहे. तिला वाचता येत नाही, त्याला येतं."
पोस्टातल्या निवृत्त बाई (सही). काही बोलल्या नाहीत. आभारी आहे.

लिहून देणार: (सही)
ठिकाण: मागची खोली, ठमीशेजारी
दिनांक: २ फेब्रुवारी २०२६

प्रत चिरंजीवास: ठमीला तू हिवाळाभर घरात, कोरड्या पेंढ्यावर ठेवणार की नाही, हे मला लेखी कळव. खाली तुझी आणि सूनबाईंची, दोघांचीही सही हवी. उत्तर सोमवार, १६ फेब्रुवारी, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडावे. फोन करू नये. नातवाला मध्ये घालू नये. "तू आधी बरी हो, मग बोलू" हे उत्तर धरले जाणार नाही.